डाव्या पायाचं बटण

"काका, हात वर धरा. अजून वर," म्हणत ड्रायव्हरबाईंनी गाडी कडेला लावली, मागच्या सीटवर जाऊन शिंपीकाकांच्या हातावरच्या पट्टीवर अंगठा दाबून धरला. डायलिसिसच्या सुया निघून अर्धा तासही झाला नव्हता. अचानक ब्रेक लागून काकांचा हात समोरच्या सीटवर आपटला होता आणि पट्टी लाल झाली होती.

"कोण आडवं आलं?" काकांनी विचारलं.

"कोणी नाही. मीच."

रस्ता खरोखरच मोकळा होता. बावीस वर्षं बाईंनी डायलिसिस सेंटरची जुनी व्हॅन चालवली, पेशंटना घरी सोडायला. इंजिनाचा आवाज चढला की डावा पाय क्लचवर, हात गिअरवर. डोक्याला विचारायचं कामच नाही. आज पहिल्यांदा नवी हायब्रिड, पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी गाडी, हातात आली होती. हिला क्लच नाही आणि गिअरच्या पायऱ्याही नाहीत. वेग घेताना हिचा आवाज चढतो आणि चढलेलाच राहतो. तो ऐकून डावा पाय उठला आणि क्लच समजून त्याने अख्ख्या ताकदीने ब्रेक दाबला.

रक्त थांबायला दहा मिनिटं लागली. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पेशंट सेंटरमधून निघतात तेव्हा पार गळून गेलेले असतात. जरा हिसका बसला तरी पोटात ढवळतं. बाईंच्या व्हॅनमध्ये आजवर कोणाला उलटी झाली नव्हती. काका तर तिसरा गिअर पडायच्या आत झोपायचे.

सेंटरच्या मॅनेजरमॅडम चिडल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

"वय झालं की सवय सुटत नाही, बाई. फोनवर बसा. पगार तोच राहील."

"मला शुक्रवारपर्यंत वेळ द्या. तुम्ही स्वतः शेजारी बसा. पाय उचलला तर चावी तुमच्याकडे."

मॅडमनी कॅलेंडर पाहिलं. सोमवार होता. "ठीक आहे. पण तोवर रिकामी गाडी, आवारातच."

त्या संध्याकाळी बाईंनी स्वयंपाकघरात खुर्ची मांडली आणि डावा पाय टॉवेलने खुर्चीच्या पायाला बांधला. इंजिनाऐवजी नवऱ्याने मिक्सर लावला. मिक्सरचा आवाज चढला आणि खुर्चीसकट बाई हलल्या.

"अगं, मिक्सरला कसला ब्रेक लावतेस?"

बाईंना हसू आलं नाही. "परत लाव," त्या म्हणाल्या. शेजारणीने दार वाजवून काय वाटताय एवढं, असं विचारेपर्यंत नवऱ्याने रिकामा मिक्सर फिरवला. मंगळवारी दिवसभर आवारात फेऱ्या झाल्या. पाय उठायचा तो उठतच होता.

बुधवारी त्या काकांच्या खाटेपाशी गेल्या. माफी मागायची होती, आणि खरं सांगायचं तर कोणापुढे तरी रडायचं होतं. काका मशीनला जोडलेले होते, चार तास कुठे जाणार नव्हते. बाईंनी पाय बांधण्यापासून मिक्सरपर्यंत सगळं सांगून टाकलं.

"माझ्या शिलाईच्या पायमशीनला मोटर बसवली ना," काका म्हणाले, "तेव्हा उजव्या पायाला काम राहिलं. डावा महिनाभर टेबलाखाली नाचत होता. गप्प बस म्हटलं की जास्तच नाचायचा."

"मग काय केलंत?"

"कामाला लावला. खाली एक लाकडी गुटका ठोकला. मोटरचा आवाज आला की तू गुटका दाब म्हटलं. काहीच होत नव्हतं त्याने, पण पायाला काय कळतंय? तुम्ही पाय बांधताय. बांधू नका. गाडीतलं पायाखालचं मॅट आणून द्या मला."

गुरुवारी सकाळी मॅट परत आलं. डावा पाय टेकतो त्या कोपऱ्यात जाड कापडाची बोटभर उंच गादी शिवली होती, ओढली तरी हलणार नाही अशी, आणि मधोमध कोटाचं मोठं काळं बटण. काकांनी पट्टीचा हात जपत एकाच हाताने टाके घातले होते. दोरा सुनेने ओवून दिला, असं काकांनी फोनवर सांगितलं. बाईंनी मॅट हुकांत अडकवलं, डाव्या पायातला बूट काढला आणि आवारात शंभर फेऱ्या मारल्या. आवाज चढला की पाय बटणावर. सव्विसाव्या फेरीला पाय चुकला. त्यानंतर नाही.

शुक्रवारी मॅडम शेजारी बसल्या, डायलिसिस आटोपून काका मागे. बाईंनी गाडी फाटकाबाहेर काढली. पुलाचा चढ आला. इंजिनाने सूर धरला, चढवत नेला, आणि बाईंच्या डाव्या पायाने बटण असं दाबलं की पोटरीत गोळा आला. गाडी अलगद वर गेली.

सिग्नलला सगळं शांत झालं.

"बंद पडली?" काकांनी विचारलं.

"नाही काका. ही थांबली की गप्प बसते."

त्यानंतर मागच्या सीटवरून आवाज आला नाही. काकांच्या घरापाशी बाईंनी ब्रेक इतका हळू दाबला की थांबल्याचं मॅडमना खिडकीतून बघून कळलं. त्या मागे वळून काकांना हाक मारणार, तोच बाईंनी मान हलवली. काकांची मान खांद्यावर कलली होती. पट्टी पांढरीशुभ्र होती.

"दोन मिनिटं झोपू द्या," बाई हळूच म्हणाल्या.

मॅडमनी घड्याळ पाहिलं आणि हात मांडीवर ठेवला. थोड्या वेळाने त्याही हळूच म्हणाल्या, "सोमवारच्या पेशंटची यादी तुमच्याच गाडीला लावते."

घरी आल्यावर बाई त्याच खुर्चीवर बसल्या आणि मोजा काढला.

"पायाला काय लागलं?" नवऱ्याने विचारलं.

तळव्याच्या मधोमध एक लाल गोल उठला होता, आत बटणाच्या चार भोकांचे ठसे. बाई बराच वेळ त्यावरून अंगठा फिरवत राहिल्या.