गिरजाबाईंच्या जागी बसलेली लेन्स

मित्रांनो, मला डोळा एकच आहे आणि तोही बेडकासारखा बाहेर आलेला. त्यामुळे पहिल्या भेटीत कुणी दचकलं तर मी मनाला लावून घेत नाही. मी कॅमेऱ्याची एक जुनी लेन्स आहे. माझ्यासारख्या लेन्सला 'फिशआय' म्हणतात, म्हणजे माशाचा डोळा. समोरचं अर्धं जग मी एका दमात बघते. डावीकडची भिंत, उजवीकडची भिंत, वरचा पंखा, खालची सतरंजी, सगळं. बाकीच्या लेन्स हवं तेवढंच बघतात. मला तसं निवडून बघता येत नाही, आणि या एका खोडीपायी मी पुष्कळ बोलणी खाल्ली आहेत.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. हातमोजे घातलेल्या कारागिरांनी काचा घासल्या, पुसल्या, उजेडात धरून पाहिल्या, मन भरलं नाही म्हणून पुन्हा घासल्या. मग त्या एकामागे एक अशा धातूच्या नळीत बसवल्या. त्या माणसांची नावं मला ठाऊक नाहीत, पण त्यांनी कंटाळा केला असता तर मी आज तुमच्याशी बोलू शकले नसते. म्हणून सुरुवातीलाच त्यांचे आभार मानते.

तिथून मी आले ती थेट छत्तीसगडातल्या दुर्गच्या मोहन नगरात, दौलतरावांच्या फोटो स्टुडिओत. दौलतरावांचे वडील भंडाऱ्याकडची शेती सोडून भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये लागले होते. मुलानंही लोखंडातच हात घालावा अशी त्यांची इच्छा, पण मुलाचा जीव फोटोंत. दौलतरावांनी मला पहिल्यांदा हातात घेतलं आणि म्हणाले, "आता सारं वऱ्हाड एका फोटोत येईन, बापा!"

वऱ्हाड आलं, अगदी सगळं आलं. पण माझ्या चित्रात मधलं माणूस नीट दिसतं आणि कडेचं वाकतं, फुगतं. मधे नवरी-नवरदेव, आणि कडेला कोण? नवरीच्या मावश्या, आत्या, काकू! मांडवाचा खांब केळ्यासारखा वाकला आणि त्याच्या शेजारच्या मावशीबाईंचं काय झालं ते न सांगितलेलं बरं. अल्बम बघून त्या स्टुडिओत येऊन कडाडल्या, "हे मी आहो काय? हे तं धानाचं पोतं आहे!"

त्या दिवसापासून मला लग्नकार्यात कुणी नेईना. त्याच मांडवात माझं झाकणही हरवलं होतं. माझा डोळा बाहेर आलेला, त्यामुळे दुसरं कुठलं झाकण मला बसत नाही. मग दौलतरावांनी घरातली एक छोटी स्टीलची वाटी आणली, आत मऊ कापड चिकटवलं आणि माझ्या तोंडावर ठेवली. बरोबर बसली. भिलाईकडच्या माणसाला अडीअडचणीला स्टीलशिवाय दुसरं सुचणार तरी काय!

वाटी घालून मी डब्यात गेले ती वर्षानुवर्षं तिथेच राहिले. मित्रांनो, दमट हवेत काचेलाही बुरशी लागते. ती एकदा आत शिरली की लेन्स कायमची आंधळी होते. माझ्या कितीतरी सोबतिणी अशा गेल्या. पण दौलतराव दर पावसाळ्यात मला बाहेर काढत, मऊ कापडानं पुसत, जरा ऊन दाखवत आणि पुन्हा ठेवून देत. त्यांची बायको म्हणायची, "कामात येत नाही ते कावून पुसून राहिले?" ते नुसते हसत. जिचा काही उपयोग नाही तिला इतक्या मायेनं पुसणारा माणूस मिळायला नशीब लागतं, आणि ते मला लाभलं.

एके दिवशी डबा उघडला तेव्हा समोर एक तरुण मुलगी उभी होती. तिचं नाव दीक्षा. कॉलेजात ती व्हिडिओचं शिक्षण घेत होती. तिच्यासोबत तिचे आजोबा आले होते, जानराव. उभा जन्म प्लांटमध्ये ड्यूटी करून रिटायर झालेला गडी, मोजकं बोलणारा.

दीक्षाची आजी, गिरजाबाई, आषाढात न्हाणीघरात पाय घसरून पडल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टरांनी बजावलं, "आता पलंगावर सरकायचं, बसायचं, हळूहळू उभं राहायचं. नाही हललात तर मग पलंग सुटणार नाही." पण पहिल्यांदा हलताना अशी कळ आली की गिरजाबाईंनी धसकाच घेतला. व्यायाम शिकवायला बाई यायची, तिला त्या म्हणायच्या, "मले हालवू नका, बाई." उशीला टेकून बसवलं की बसत, पण स्वतःहून बोटभरही सरकत नसत. भिंतीकडे तोंड करून पडून राहत.

त्यात वस्तीतल्या बुद्धविहारात वर्षावास सुरू झाला. पावसाळ्याचे महिने तिथे रोज ग्रंथवाचन चालतं आणि अश्विन पौर्णिमेला समारोप असतो. पांढरी लुगडी नेसून सगळ्या बाया जमतात, वंदना होते, खीर वाटतात. गिरजाबाईंनी एकही वर्ष चुकवलं नव्हतं. यंदा चुकलं.

"आजीले विहारात नेता येत नाही ना काका, तं विहारच घरी आणतो," दीक्षा दौलतरावांना म्हणाली.

तिनं व्हीआरचा चष्मा मिळवला होता. हा चष्मा डोळे पूर्ण झाकतो. आत चित्र चालू झालं की मान वळवाल तिकडचं दिसतं, आणि माणसाला आपण तिथेच बसलोय असं वाटतं. त्यासाठी नेहमीची लेन्स चालत नाही, माझ्यासारखी लागते. काकांचा सल्ला घ्यायला आलेल्या दीक्षानं रायपूरहून एका दिवसापुरती एक नवी लेन्स पारखायला मागून आणली होती. तिला चक्क दोन डोळे! ती काउंटरवर ऐटीत बसली होती, आणि शेजारी मी, तोंडावर वाटी घातलेली.

"काका, ही तं खूप जुनी आहे. और इसमें तो एक ही आँख है," दीक्षा म्हणाली.

तरी काकांचं मन मोडू नये म्हणून तिनं मला स्वतःच्या छोट्या कॅमेऱ्याला लावून बघितलं. माझं चित्र गोल, तिचा कॅमेरा लहान. वरचा पंखा आणि खालची फरशी, दोन्ही कापले गेले. मला तर डब्यात परत जावंसं वाटलं. पण दौलतरावांनी आतून त्यांचा मोठा कॅमेरा आणला. त्यात माझं चित्र पुरं मावलं; स्टुडिओच्या दारचा खांब मात्र नेहमीसारखा वाकलेला. दीक्षानं ते चष्म्यात घालून पाहिलं आणि ती ओरडलीच, "अरे काका, खांब तं सीधा दिसून राहिला!"

मित्रांनो, तो क्षण मी विसरणार नाही. माझं वाकडं चित्र चष्म्यात डोक्याभोवती गुंडाळलं जातं आणि सगळं पुन्हा सरळ होतं. खांब सरळ, कडेची माणसं जशीच्या तशी. त्या मावशीबाईंना तेव्हा चष्म्यातून बघता आलं असतं तर माझी एवढी वर्षं डब्यात गेली नसती.

पण दीक्षाचा जीव अजून त्या दोन डोळ्यांच्या लेन्समध्येच होता. "हिच्यात जवळचं जवळ दिसते, दूरचं दूर," ती म्हणाली. "दोन डोयांसमोर दोन वेगळे चित्र जातात ना, म्हणून. एकदम असली वाटते."

स्टुलावर बसलेले जानराव तेव्हा पहिल्यांदा बोलले. "पण तिले डोया एकच आहे न, बेटा."

गिरजाबाईंच्या डाव्या डोळ्याची नजर दीक्षाच्या जन्माआधीच गेली होती. एका डोळ्यावर त्यांनी सुईत दोरा ओवला, तांदूळ निवडले, नातीची वेणी घातली. कधी तक्रार केली नाही, म्हणून घरातली माणसंच ते विसरून गेली होती. दोन चित्रं पाठवली तरी त्यांना दिसणार एकच.

"मी तं भुलूनच गेलती, आबाजी," दीक्षा म्हणाली. ती हसली, आणि हसता हसता तिनं डोळे पुसले. मग दोन डोळ्यांची लेन्स तिनं नीट तिच्या पेटीत ठेवली आणि मला उचललं. ती पाहुणी माझ्यापेक्षा चांगली होती, यात वाद नाही. पण लेन्स निवडताना दीक्षानं शेवटी लेन्सकडे न बघता आजीकडे बघितलं. एका डोळ्याच्या आजीसाठी तिनं एका डोळ्याची लेन्स घेतली.

समारोपाच्या आठवडाभर आधी आम्ही विहारात जाऊन थोडं चित्रण करून पाहिलं. विहारातली मंडळी फार अगत्याची. कॅमेरा येणार म्हणून त्यांनी समोर टेबल मांडलं, त्यावर पांढरंशुभ्र कापड अंथरलं, माझ्या शेजारी एक फूल ठेवलं. मला इतका मान उभ्या आयुष्यात मिळाला नव्हता. मी फुशारून गेले.

घरी गिरजाबाईंना टेकवून बसवलं आणि चष्मा घातला. त्यांनी मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली, आणि एकदम घाबऱ्या झाल्या. "दीक्षा, मले टेबलावर कावून बसवलं वं? सारे जण खाली अन मीच वर? मी कधी समोर बसली काय? काढ हे!"

चष्मा निघाला आणि त्या पुन्हा भिंतीकडे वळल्या. दीक्षा रडवेली झाली. जानराव उंबऱ्याशी उभे होते. ते म्हणाले, "तुही आजी दरवाजाजवळ बसे. माही सेकंड शिफ्ट राहे तं मंधातून उठून डबा द्याले घरी ये. मी रिटायर झालो तरी जागा नाही सोडली तिनं."

दुसऱ्या दिवशी आम्ही दाराजवळची जागा शोधायला गेलो. तिथे भागीरथाबाई भेटल्या, गिरजाबाईंच्या जन्माच्या मैत्रिणी, रोज त्यांच्या शेजारी बसणाऱ्या. त्यांनी "जयभीम" केला आणि सरळ भिंतीवर बोट ठेवलं. भिंतीला दोन वर्षं रंग लागला नव्हता, आणि बसल्या माणसाचं डोकं टेकेल तेवढ्या उंचीवर तेलाचा एक फिकट डाग होता. "हे पाह्य, इथं टेकते तिचं डोस्कं," भागीरथाबाई म्हणाल्या. "कितीदा सांगतलं, गिरजा, तेल कमी लाव."

झालं. दौलतरावांनी एका लाकडी पाटावर छोटं तीन पायांचं स्टँड ठोकलं आणि माझा डोळा बरोबर त्या डागाच्या उंचीला आणला. टेबल गेलं, फूल गेलं, मान गेला. पण मला माझी जागा मिळाली.

समारोपाच्या सकाळी विहार पांढऱ्या लुगड्यांनी भरून गेला. माझी वाटी काढून दीक्षानं पाटाजवळ ठेवली आणि आपण चित्रात येऊ नये म्हणून ती बाहेर जाऊन थांबली. वंदना झाली, वाचन सुरू झालं. भागीरथाबाईंना यायला उशीर झाला. त्या घाईघाईनं आत आल्या, बसायला वाकल्या, आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "सरक वं गिरजा जराशी, मले टेकाले जागा दे."

मी कशी सरकणार? मला पाय तीन, पण एकही उचलता येत नाही. भागीरथाबाईंच्या लक्षात आलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, पदर डोळ्यांना लावला आणि अंग चोरून उरलेल्या जागेत बसल्या. शेवटी खीर वाटणाऱ्या बाया आल्या. भागीरथाबाईंना पाटाजवळ स्टीलची वाटी दिसली. ती गिरजाबाईंसाठीच ठेवली असणार असं त्यांना वाटलं. "गिरजाची राहिली," म्हणत त्यांनी माझं झाकण खिरीनं काठोकाठ भरलं!

दीक्षानं आत येऊन कपाळावर हात मारला. पण मी त्या खिरीची ऋणी आहे. वाटी धुऊन वाळत पडली म्हणून घरी मला उघड्या डोळ्यानंच फडताळावर ठेवलं, आणि म्हणून पुढचं मला बघायला मिळालं.

गिरजाबाई पलंगावर टेकून बसल्या होत्या. डोळ्यांवर चष्मा. त्यांनी खाली बघितलं, बाजूला बघितलं. या वेळी घाबरल्या नाहीत. ओठ हलू लागले, त्या वंदना म्हणत होत्या. वाचन ऐकताना हात आपोआप जोडले गेले. आणि मग चष्म्यातून भागीरथाबाईंचा आवाज आला, "सरक वं गिरजा जराशी, मले टेकाले जागा दे."

गिरजाबाईंनी दोन्ही तळवे पलंगावर टेकले, अंग उचललं आणि वीतभर बाजूला सरकल्या.

"घे," त्या म्हणाल्या. "उशिरा येतं अन वर जागा मांगतं."

दीक्षानं तोंडावर हात दाबून धरला होता. जानराव पुढे आले, पलंगावर जी वीतभर जागा मोकळी झाली होती तिच्यावर हात ठेवून खाली बसले, आणि तसेच बसून राहिले.

त्यानंतर व्यायामाच्या बाईला फारसं सांगावं लागलं नाही. कळ यायची, गिरजाबाई ओरडायच्या, पण हलायच्या. थंडी सरता सरता त्या वॉकर धरून विहाराच्या दारापर्यंत गेल्या. आता खाली बसता येत नाही, म्हणून त्यांच्या जागी खुर्ची असते, आणि भिंतीवर तेलाचा नवा डाग जरा वर पडू लागला आहे. दीक्षा मला घेऊन वस्तीतल्या घराघरांत जाते. ज्यांना बाहेर पडता येत नाही त्यांना ती आधी विचारते, "तुमी कुठी बसत होते?" मग आम्ही तिथेच जाऊन बसतो.

मित्रांनो, मी नशीबवान आहे. मला घडवणाऱ्यांनी कंटाळा केला नाही, दौलतरावांनी मला टाकलं नाही, आणि दीक्षानं मला योग्य जागी बसवलं. तुमच्याही घरात एखादी जुनी वस्तू डब्यात पडली असेल. तिला कधीतरी बाहेर काढा, पुसा, ऊन दाखवा. आणि भिंतीकडे तोंड करून पडलेलं कुणी माणूस असेल, तर त्याच्याजवळ जाऊन बसा आणि त्याला जरा सरकायला सांगा.

आणि हो, एवढं माझ्यासाठी करा. मऊ कापड चिकटवलेली स्टीलची वाटी कुठे दिसली, तर तिच्यात खीर वाढू नका. मुंग्या अजून माझा माग काढत येतात.