मेपलची दुसरी फळी

“राहू दे आता, पोरी. हे काम तुझ्या हातचं नाही.”

बाबा हे ओरडून बोलले नव्हते. आजारी माणसाच्या उशाशी बोलावं तसं हळू बोलले होते, माझ्याकडे न बघता. त्यानंतर मी खोऱ्यातल्या मोज्यांच्या गिरणीत लागले. यंत्रांच्या त्या खडखडाटात शेजारणीची हाक ऐकू यायची नाही, पण हा आवाज यायचा. मोज्यांचे अंगठे शिवता शिवता केस पांढरे झाले. बाबा गेले, गिरणीला टाळं लागलं, आणि एका सकाळी मी त्यांच्या कारखान्याचं दार ढकललं.

कारखाना म्हणजे ओढ्याकाठची एक खोली. आमच्या घराण्यात ठासणीच्या बंदुका तिथेच बनत आल्या, गारगोटीच्या ठिणगीनं पेटणाऱ्या, उंच माणसाच्या हनुवटीला लागतील एवढ्या लांब. दार उघडलं तर आत कोंदट वास यायला हवा होता. आला तो जवसाच्या तेलाचा. पटाश्यांना धार होती. कानशी ओळीनं टांगलेल्या. नि बार ठासायचा गज बसवायला दस्त्यात, म्हणजे बंदुकीच्या लाकडी अंगात, भोक पाडतात ते हातभर लांब गिरमिट कुणीतरी नुकतंच तेल लावून पुसलेलं. बाबांना जाऊन इतकी वर्षं झाली, आणि गिरमिटावर गंजाचा एक ठिपका नाही!

मी वर बघितलं. आढ्याला दोन गोष्टी असायच्या. एक मेपलची फळी, वाघाच्या अंगासारखे पट्टे असलेली. ती होती. दुसरा तिच्याच झाडाच्या जुळ्या फळीचा दस्ता, मी वाया घालवलेला. तो नव्हता.

किल्ली एकट्या क्लेटकडे असते, आजही त्याच्याकडूनच मागून आणली होती. क्लेट माझा थोरला भाऊ.

“आलीस तर,” तो दुपारी मागून येऊन म्हणाला. हातात फडक्यात बांधलेली मक्याची भाकरी होती. “म्हटलं, उपाशी कोरकाम करशील.”

“आढ्यावरचा दस्ता कुठाय रे?”

“कुठला?”

“माझा.”

“उंदरांनी नेला असेल.”

“एवढा मोठा दस्ता? उंदीर होते की अस्वल?”

तो हसला, पण डोळे गिरमिटाकडे होते. मी ते लक्षात ठेवलं.

मग तो रोज येऊ लागला. कधी घेवड्याची आमटी, कधी काकवीची बाटली. येऊन दाराच्या चौकटीला टेकायचा आणि बघत राहायचा. क्लेट आयुष्यात कुणाला एवढं खाऊ घालणारा नव्हे. बायको असताना तिलाही त्यानं कधी चहा विचारला नव्हता. म्हटलं, याला खोली विकायची असेल. नाहीतर मी हरलेली बघायची असेल.

बंदूक बनवायची होती एस्टेल बर्चेटसाठी. तीच, माझा पहिला दस्ता वाया गेल्यानं राहिलेली. म्हातारा काठी टेकत आला, फळीवरून हात फिरवला आणि म्हणाला, “लिओटा, गोमांस जिंकायच्या नेमबाजीच्या पैजेला मी दरवर्षी दुसऱ्याची बंदूक उसनी घेतो. लोक म्हणतात, एस्टेलचा नेम चांगला पण लाज कमी. या वेळी तरी बंदूकच दे हो. मागच्यासारखी भोक फुटलेली बासरी नको.”

“बासरी दिली तर वाजवा की काका.”

“दात कुठायत?”

तो हसत गेला. मला हसू आलं नाही. त्या झाडाच्या दोनच फळ्या निघाल्या होत्या. ते झाड पडलं, तसं दुसरं या डोंगरात उरलं नाही. ही फळी फाटली तर बाबांचं म्हणणं खरं. मग मी ओढ्यापलीकडे जाऊन कुणाच्या तरी कोंबड्या सांभाळायच्या, आणि मरेपर्यंत तो आवाज ऐकायचा.

नळी बसवली. नळीला काजळी फासायची, लाकडात दाबायची, उचलायची. जिथे काळं उमटेल तिथे लाकूड अजून अडतंय, तेवढंच पटाशीनं काढायचं. बोटं आधी बावरली, मग त्यांना वाट आठवली. नळी अशी बसली की केस सरकणार नाही. ठिणगी पाडणारा घोडा बसतो त्या कुलपाची खाच झाली. उरलं ते गजाचं भोक. नळीखालून, लाकडाच्या पोटातून, सरळ. वर गेलं तर नळीला भिडतं, खाली गेलं तर पोट फोडून बाहेर येतं.

“हे शहरातून पाडून आणू,” क्लेट म्हणाला. “तिथे यंत्र आहे. मी नेतो.”

“का?”

“का म्हणजे? सोपं पडेल.”

“बाकी सगळं मी हातानं केलं तेव्हा तुला सोपं सुचलं नाही. नेमकं भोकच का?”

“तुझ्याशी बोलणं म्हणजे साळिंदराशी कुस्ती,” तो म्हणाला आणि निघून गेला.

तो गेला तशी मी त्याच्या कणसांच्या कोठारात गेले. चोरासारखी गेले, हे खरं. दस्ता सापडला. गोणपाटात गुंडाळून, वर वाळलेली कणसं रचून ठेवलेला. उंदरांना गोणपाट शिवता येत नाही.

कारखान्यात आणून तो शिकंज्यात धरला. पोटाला तेच भोक, बाहेर आलेली तीच चीर. दस्ता वाया गेला त्या दिवशी बुधवार होता. देवळाची घंटा वाजायला लागली होती. मी शेवटचे वेढे घाईनं फिरवले, गिरमिट ओढून काढलं आणि खाली न बघताच प्रार्थनेला धावले. सकाळी बाबांनी चीर दाखवली. “बघ, घाईत काय केलंस.” मी बघितलं. मीच घाई केली होती, मग दुसरं कोण?

गिरमिटाला माझा लाल दोरा अजून बांधलेला होता. त्या दिवशी कुठवर पाडायचं त्याची खूण, उरलेलं वीतभर दुसऱ्या दिवसासाठी ठेवलं होतं. मी ते गिरमिट जुन्या भोकात सारलं. दोरा लाकडाच्या तोंडाशी आला, तिथे ते थांबायला हवं होतं. थांबलं नाही. दोरा आत गेला. वीतभर पुढे जाऊन टोक चिरेतून बाहेर डोकावलं.

मी खाली बसले.

माझ्या खुणेपर्यंत भोक सुतासारखं सरळ होतं. तिथून पुढे कुणीतरी पाडलं होतं, आणि ते खाली खाली गेलं होतं. लांब गिरमिट स्वतःच्या भारानं वाकतं. म्हणून आमच्याकडे दस्ता उलटा-सुलटा करत जातात. एक कडवं म्हणायचं तोवर पोट वर, दुसरं म्हणायचं तोवर पोट खाली. आजीच्या आजीपासूनचं गाणं आहे ते.

*पलीकडल्या डोंगरी धुकं साचलं गं,*
*साजणाचं पाऊल दारी वाजलं गं.*

शिकंजा सोडायचा, दस्ता फिरवायचा, पुन्हा आवळायचा.

*ओढ्यातलं पाणी उन्हानं आटलं गं,*
*साजणाचं गाणं कंठी दाटलं गं.*

ज्यानं पुढे पाडलं त्यानं दस्ता एकदाही फिरवला नव्हता.

दुसऱ्या दिवशी क्लेट आला तेव्हा दस्ता टेबलावर होता. त्यानं तो बघितला आणि भाकरी खाली ठेवली.

“त्या बुधवारी इथे कोण होतं?” मी विचारलं.

“बाबा. आणि मी.”

“बाबांना दस्ता फिरवायचा हे शिकवायला नको होतं. मग कोण उरलं?”

तो भाकरीचं फडकं सोडायला लागला.

“तुला त्यांनी कधी या कामाच्या टेबलाशी घेतलं नाही, त्याचा राग होता ना? माझ्यावर काढलास?”

“खाऊन घे,” तो म्हणाला. “गार होईल.” आणि गेला.

‘नाही’ म्हणाला नाही. मी रात्रभर तेवढंच धरून बसले. सकाळी फळी शिकंज्यात आवळली. त्याला दाखवायचंच होतं मला. पहिलं कडवं म्हटलं, गिरमिट आत गेलं. भुसा बारीक, गोड वासाचा. दस्ता फिरवला. दुसरं कडवं. पुन्हा फिरवला. दार करकरलं.

“मला दिसेल असा उभा राहा,” मी मान न वळवता म्हटलं. “पाठीमागे नको.”

तो आला, खिडकीपाशी उभा राहिला. टोपी हातात होती.

दोरा लाकडाशी आला. इथवर माझं पूर्वीचं काम होतं. अजून वीतभर हवं होतं, आणि त्या वितेत माझा हात कधी गेलाच नव्हता. मी शिकंजा सोडला, दस्ता उलटा केला, आवळला. कडव्याचा पहिला शब्द ओठांवर आला नि तिथेच राहिला. कानात बाबा बोलले, तसेच हळू, न बघता.

“ने,” मी म्हटलं. “ने तुझ्या शहराला. जिंकलास तू.”

क्लेटनं फळीला हात लावला नाही. टोपीची कड तो गोल गोल फिरवत राहिला.

“ते पाडलं बाबांनी,” तो म्हणाला.

मी त्याच्याकडे बघितलं.

“तू देवळात गेलीस. ते म्हणाले, पोरीनं वीतभर कमी सोडलंय, मी पुरं करतो. शिकंजा सुटेना त्यांच्यानं. मनगटात जोर राहिला नव्हता, लिओटा, कधीचाच. तुला कळू देत नव्हते. दोन्ही हातांनी लोंबकळले दांड्याला, तरी सुटेना. मग तसंच रेटलं, न फिरवता. टोक बाहेर आलं तेव्हा लहान मुलासारखे बसले जमिनीवर. मी दारात होतो.”

“आणि तू...”

“मला म्हणाले, ती तरुण आहे, तिचं नाव पुन्हा होईल. माझं गेलं तर मी काय उरलो? बोलू नकोस. मी शब्द दिला. ते गेल्यावर दस्ता लपवला, तू बघितलास तर तुला कळेल म्हणून. हत्यारांना तेल मीच घालत आलो.”

“त्यांच्यासाठी गप्प बसलास.”

“तसंच सांगायचं ठरवलं होतं मी, कधी विचारलंस तर.” त्यानं टोपी खिडकीत ठेवली. “पण ते खरं नाही. मला बरं वाटलं होतं. तू टेबलापासून उठलीस की ती जागा मला देतील असं वाटलं. म्हणून गप्प बसलो. त्यांनी नाही दिली.”

मी गिरमिटाचा दांडा पुन्हा धरला आणि ओठांवर अडलेलं कडवं म्हणायला लागले.