ओवळ्याचे पाणी

मी एक जुना फिरकीचा तांब्या आहे. पोट गोल, मान आखूड, आणि झाकण फिरवून घट्ट बसवायचे, म्हणजे चालताना पाणी सांडत नाही. ज्या दिवशी आमच्या घरची बाई गेल्याचे कळले, त्या दिवशी मी गळ्यापर्यंत भरलेला होतो.

माझे धनी महिपतराव संध्याकाळच्या गाडीने ठाण्याहून कल्याणला उतरले. मी त्यांच्या खांद्याला लटकत होतो. एरवी थकून येणारा माणूस त्या दिवशी भरभर चालत होता. आळीच्या तोंडाशी शेजारच्या गोदाकाकू उभ्या होत्या.

"महिपत, हातपाय धुतल्याशिवाय आत जाऊ नकोस," त्या म्हणाल्या.

"का? काय झालं?"

"सगुणा गेली रे. आज पहाटे. दुपारपर्यंत तुझी वाट पाहिली. मग लोक थांबेनात."

महिपतरावांनी मला खांद्यावरून काढले आणि आमच्या घराच्या ओट्यावर ठेवले. तेथे दारात पणती नव्हती, बांगड्यांचा आवाज नव्हता. 

मित्रांनो, आता पहिल्यापासून सांगतो.

कल्याणच्या एका तांबटाने मला ठोकून घडवले. सन अठराशे सत्तर उलटून दोन-तीन वर्षे झाली असतील. महिपतरावांना तेव्हाच सरकारात देवी टोचण्याची नोकरी लागली होती. देवीचा रोग मुले नेत असे, म्हणून गावोगाव जाऊन लहान मुलांच्या दंडावर लस टोचायची, असे ते काम. पावसाळा संपला की त्यांच्या फेऱ्या सुरू होत. एका फेरीत आठ गावे असत. दर दिवशी एक गाव. पहिले गाव घोडबंदरच्या वाटेवरचे ओवळे. मग त्याच वाटेवरचे आणखी एक, पुढे खाडीकाठ सोडून डोंबिवलीच्या बाजूची गावे, आणि शेवटी मांडा व टिटवाळा. नवव्या दिवशी पुन्हा ओवळ्यापासून त्याच क्रमाने तीच आठ गावे, कारण टोचल्या जागी फोड उठला की नाही हे आठ दिवसांनीच कळते. असे सोळा दिवस घराबाहेर. मग चार दिवस घरी आणि पुन्हा नवी फेरी.

काम सोपे नव्हते. आम्ही दिसलो की बाया पोरांना कणगीत लपवत. एका गावात कोणी धोंडा मारला. तो महिपतरावांच्या कमरेला लागायचा, तो मला लागला. ती पोच माझ्या पोटावर अजून आहे. घरी आल्यावर सगुणाबाईंनी तिच्यावरून बोट फिरवले आणि चिंचेने मला लख्ख घासले.

"यानं तुमचा मार खाल्ला," त्या म्हणाल्या. "आता याला कुणी जुना म्हणायचं नाही."

नवरा दर वीस दिवसांतले सोळा दिवस बाहेर, घरात मूलबाळ नाही. सगुणाबाईंनी यावर आपल्यापुरते दोन उपाय काढले होते. एक म्हणजे, महिपतराव निघाले की त्या दाराजवळच्या भिंतीवर गेरूचे सोळा ठिपके काढत. रोज सकाळी एक ठिपका पुसत. "आज डोंबिवली," म्हणत आणि चुलीकडे वळत. सबंध आळीला त्या ठिपक्यांवरून कळे, की महिपत आज कोठे आहे.

दुसरा उपाय माझ्याकडे होता. शेवटच्या गावाच्या विहिरीचे पाणी माझ्यात भरून घरी आणायचे. महिपतराव दारात आले की सगुणाबाई आधी माझी फिरकी उघडत आणि एक घोट घेत.

"टिटवाळ्याचंच ना?" महिपतराव विचारत.

"टिटवाळ्याचंच. पण देवळाकडच्या विहिरीचं नाही, खालच्या आळीचं. आणि तांब्या विसळला नव्हता तुम्ही. ताकाचा वास येतोय."

"पाण्याला वास नसतो, अगं."

"तुमच्या नाकाला नसेल."

गोदाकाकू ओट्यावरून हसत. "सगुणे, तुझा नवरा गावं टोचतो आणि तू गावं पितेस!"

सगुणाबाईंचे माहेर ओवळ्याचे. तेथली विहीर खाडीला लागून, म्हणून पाणी मचूळ. बाहेरचा माणूस ते तोंडात घेऊन थुंकेल. पण दर फेरीला निघताना त्या सांगत, "एकदा माझ्या माहेरचं पाणी आणा हो."

"ते खारट पाणी? सोळा दिवस वाहून आणू?"

"मचूळ असेल. मला गोड लागतं."

अडचण खरी होती. ओवळे पहिले गाव. तेथे मला भरले तर पुढच्या उन्हात ते पाणी प्यावेच लागे. टिटवाळ्याला मी रिकामा होई आणि तेथलेच पाणी घरी येई. महिपतराव म्हणत, "पुढच्या फेरीला बघू." असे म्हणता म्हणता नऊ वर्षे गेली. मी त्या सगळ्या फेऱ्यांना हजर होतो.

त्या साली माघात महिपतरावांच्या मनात आले, की फेरी उलटी केली तर? टिटवाळ्यापासून सुरुवात करायची आणि ओवळ्याला संपवायची. कामात काही बिघडत नव्हते. त्यांनी घरी मात्र सांगितले नाही. सगुणाला घोट घेऊन ओळखू दे, असा त्यांचा बेत होता. ठाण्याच्या गाडीला जातो असे सांगून ते निघाले आणि कोपऱ्यावरून टिटवाळ्याच्या वाटेला वळले. मागे सगुणाबाईंनी भिंतीवर नेहमीसारखे सोळा ठिपके काढले.

मला मागाहून कळले, की पंधराव्या दिवशी सगुणाबाईंना जोराचा ताप भरला. भिंतीवर दोनच ठिपके राहिले होते. त्या धोंडीबाला म्हणाल्या, "आज ते मांड्याला असतील. बोलावून आण." धोंडीबा म्हणजे गोदाकाकूंचा भाऊ. तो तसाच पळत गेला. मांडा चार कोसांवर. महिपतराव तेथे असते तर संध्याकाळच्या आत घरी पोचले असते.

मांड्याचे लोक म्हणाले, "ते तर पाच दिवसांमागेच दंड बघून गेले. यंदा उलटे आले होते." धोंडीबा टिटवाळ्यालाही जाऊन आला. त्या वेळी आम्ही खाडीपलीकडे घोडबंदरच्या वाटेवर होतो. दुसऱ्या दिवशी ओवळ्याच्या विहिरीवर महिपतरावांनी मला तीन वेळा विसळले, भरले आणि फिरकी घट्ट बसवली. सगुणाबाई त्याआधीच गेल्या होत्या.

दहाव्याला नदीवर जाताना कोणी म्हणाले, की या भरल्या तांब्यातलेच पाणी तिला द्या. महिपतराव म्हणाले, "राहू द्या." त्यांनी दुसरा लोटा नेला. त्यांना वाटत होते, की आपण उलटे का गेलो हे तिला कळलेच नाही. नवरा सांगितल्या जागी सापडला नाही, एवढेच मनात ठेवून ती गेली.

तेरावे झाल्यावर गोदाकाकू भाकरी घेऊन आल्या. बोलता बोलता म्हणाल्या, "एक विचारू? धोंडीबा परत आला आणि म्हणाला, ते यंदा उलटे गेलेत म्हणे. मला वाटलं, पोरगी आता रडेल. तर ती हसली. म्हणाली, 'मग ओवळ्याचं येतंय.' मी पाणी पुढे केलं तर नको म्हणाली. 'तांब्या येऊ दे, मग पिईन,' म्हणाली. ते ओवळ्याचं पाणी आलं का रे?"

 महिपतरावांनी माझ्याकडे बोट केले. गोदाकाकूंनी पदर तोंडाला लावला.

मित्रांनो, त्याला आता तीन वर्षे होत आली. महिपतराव अजून फेऱ्या करतात, कारण देवीचा रोग कोणासाठी थांबत नाही. निघताना ते स्वतः भिंतीवर सोळा ठिपके काढतात आणि गोदाकाकूंना क्रम सांगून जातात. रोजचा ठिपका काकू पुसतात. आता ते साधा लोटा नेतात. मी कोनाड्यात असतो. मला कोणी चिंच लावत नाही, त्यामुळे मी काळा पडलो आहे आणि फिरकीच्या कडेला हिरवा कळंक चढला आहे. माझी एवढीच विनंती आहे: तुमच्या घरचे कोणी कामासाठी वरचेवर बाहेर जात असेल, तर त्याची वाट विचारून ठेवा. तुम्ही जाणारे असाल, तर खरी वाट सांगून जा. आणि कोणी घोटभर पाणी मागितले, तर त्याला पुढची फेरी दाखवू नका.

झाकण आता गच्च बसले आहे. तांबटाकडे नेले तर तो जरा शेकून चटकन सोडवील. महिपतराव दर फेरीहून आले की मला हातात घेतात, कानाशी हलवून बघतात आणि परत ठेवतात. आत पाणी वाजते. फिरकी उघडायची राहिली आहे.