फिरत्या पेडलची ऊब

वैजनाथ सरांना गिटार येत नव्हती असं म्हणणं अन्यायाचं होईल. थोडीथोडी येत होती. मात्र गिटारीविषयी त्यांना जे येत होतं त्याला तोड नव्हती. कुठली तार पावसाळ्यात गंजते, कुठलं अँप, म्हणजे आवाज मोठा करणारी पेटी, किती तापलं की गोड बोलतं, तारा छेडायचा पिक बोटांत किती तिरका धरावा, सगळं तोंडपाठ. पाथर्डीच्या एका शाळेत ते भूगोल शिकवायचे. शाळा सुटली की घरी येऊन अँप लावायचे, एक सूर छेडायचे, बटण डावीकडे फिरवायचे, मान हलवायचे, बटण पुन्हा उजवीकडे. त्यांची बायको रोहिणी आतून विचारायची, "अहो, एखादं गाणं शेवटपर्यंत वाजवा की कधी."

"आधी टोन लागू दे," सर म्हणायचे. तो लग्नापासून लागत होता.

जिल्ह्यातल्या असल्याच हौशी लोकांचा 'नगरी तारा' नावाचा एक व्हॉट्सअप ग्रुप होता आणि सर त्याचे अॅडमिन. कुणाचं कापडाचं दुकान, कुणी कारखान्यात नोकरीला, आणि प्रत्येकाकडे एकेक इलेक्ट्रिक गिटार, जिचा घरच्यांना वैताग. या ग्रुपचा एक रिवाज होता, आणि तो सरांनीच घातलेला: फिरतं पेडल. पेडल म्हणजे पायानं दाबायची लोखंडी डबी. गिटार आणि अँपच्या मधे लावायची, दाबली की दिवा लागतो आणि आवाजाचा पोत बदलतो. एकट्यादुकट्याला असल्या डब्या परवडत नाहीत, म्हणून एकानं घेतली की तिनं जिल्हाभर फिरायचं. एसटीनं, काळीपिवळी जीपनं, कुणाच्या लग्नाच्या टेम्पोतून, जसं जमेल तसं. ज्याच्याकडे जाईल त्यानं आठवडाभर वाजवायचं आणि ग्रुपवर अभिप्राय लिहायचा. अभिप्राय न लिहिता पेडल पुढं पाठवणं म्हणजे जेवून हात न धुता उठणं.

यंदाचं पेडल सरांचं होतं. फिरवण्याआधी त्यांनी ते उघडून, इंटरनेटवर बघून, आतल्या एकदोन जोडण्या स्वतः सुधारल्या. मग लावून बघितलं आणि ग्रुपवर लिहिलं, "टोनला ऊब आली आहे. लगेच कळणार नाही. कान देऊन ऐकावं."

आता 'लगेच कळणार नाही' असं अॅडमिननंच लिहिल्यावर न कळण्याची हिंमत कुणाची? नगरच्या कानिफनाथनं लिहिलं, "मधला पट्टा खुलला, सर." बेलापूरचा जीशान त्याच्यावर चढला, "आवाजाला गूळ लागलाय. पेडलशिवाय वाजवूच वाटत नाही." राहुरीच्या करणनं तर डोळ्यांत पाणी आल्याचं कळवलं. पेडल पुढं सरकत होतं आणि त्यातली ऊब गावागणिक वाढत होती.

मग ते शेवगावला अंजुमकडे गेलं. अंजुमच्या वडिलांचा, फक्रुद्दीन शेठचा, मंडप आणि साउंडचा धंदा. पोरगी स्पीकरच्या भिंतींमध्येच वाढली. गोडाऊनमध्ये बसून फोनवर बघूनबघून ती गिटार शिकली, आणि खरं सांगायचं तर त्या ग्रुपमध्ये गाणं शेवटपर्यंत वाजवणारी ती एकटीच होती. सरांना हे ठाऊक होतं. स्वतःचं रेकॉर्डिंग ग्रुपवर टाकण्याआधी ते गुपचूप तिला पाठवायचे. ती सांगायची, "सर, दुसऱ्या ओळीत घाई झाली." सर पुन्हा वाजवायचे, मग ग्रुपवर टाकायचे, आणि वाहवा एकटेच घ्यायचे. ती कधी बोलली नाही.

तर अंजुमनं आठवडाभर पेडल वाजवलं, वडिलांच्या मोठ्या स्पीकरला जोडून वाजवलं, आणि लिहिलं, "सर, मला फरक जाणवला नाही. दाबलं तरी तेच, न दाबलं तरी तेच."

 ग्रुपवर हसणारे चेहरे आले, रांगेनं. कानिफनाथनं विचारलं, "ताई, केबल लावली होती ना?" जीशान म्हणाला, "मंडपाचे स्पीकर आहेत, त्यांना सनईच कळते." आणि मग सरांनी, चहाचा घोट घेत, शेवटचा शब्द लिहिला: "अंजुमताई, पेडलमध्ये दोष शोधण्याआधी कान तयार करावेत. सहा महिने नुसतं साधं वाजवा. कानच नसेल तर बोटांचा उपयोग नाही." खाली अंगठेच अंगठे.

 दर रविवारी अंजुमचं वाजवलेलं काहीतरी ग्रुपवर यायचं, ते बंद झालं. कुणाला फारसं जाणवलं नाही. सरांना जाणवलं, कारण त्यांनी खाजगीत पाठवलेलं रेकॉर्डिंगही तिनं नुसतं ऐकून सोडून दिलं.

फेरी संपवून पेडल पाथर्डीला परत आलं. सरांनी बॅटरी बदलायला म्हणून ते उघडलं आणि आत बघत बसले. त्यांनी स्वतः डाग दिलेली तार चुकीच्या टोकाला बसली होती. गिटारीचा आवाज एका भोकातून शिरत होता आणि सरळ दुसऱ्या भोकातून बाहेर पडत होता. मधल्या सर्किटशी त्याचा काही संबंधच नव्हता. दाबलं की दिवा तेवढा लागायचा. पेडल घरातून निघालं तेव्हापासूनच मेलेलं होतं.

सरांना पहिल्यांदा ग्रुपचा राग आला. लबाड लेकाचे! गूळ काय, पाणी काय! पण तो राग फार टिकला नाही. बाकीच्यांनी ऐकू न येता लिहिलं असेल. सरांना तर ऊब खरोखर ऐकू आली होती. स्वतःच्या या दोन कानांनी. हे त्यांना फार लागलं.

त्याच संध्याकाळी ग्रुपवर अंजुमचा मेसेज आला. "गिटार विकायची आहे. अँपसकट. कुणाला हवी असेल तर कळवा." खाली जीशाननं लगेच विचारलं, गिटार कुठल्या रंगाची आहे.

सरांना घास गेला नाही. रोहिणीनं विचारलं तेव्हा त्यांनी सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, "मग लिहा की तसं. तार माझी चुकली, ताईंचं बरोबर होतं. दोन ओळींचं तर काम."

सरांनी त्या दोन ओळी लिहिल्या. पुसल्या. पुन्हा लिहिल्या, त्यात 'तांत्रिक अडचण' घातली, पुन्हा पुसल्या. ग्रुपचं काय होईल, कानिफनाथला काय वाटेल, करणच्या डोळ्यांतल्या पाण्याचं काय करायचं, असे बरेच उदात्त विचार त्यांच्या मनात आले. स्वतःचा विचार त्यांनी केला नाही असं ते स्वतःला सांगत राहिले. शेवटी त्यांना एक झकास तोड सुचली. तार नीट जोडायची आणि पेडल अंजुमकडे पुन्हा पाठवायचं. ती दाबेल, या वेळी फरक ऐकू येईल, ती खूश, गिटार विकणं रद्द, आणि कुणाचीच लाज जायला नको. रोहिणी ताटं उचलून आत गेली.

सकाळी शाळेत जाताना सरांनी पेडल कापडी पिशवीत घालून अजिनाथच्या काळीपिवळीत दिलं. अजिनाथ रोज शेवगावची फेरी मारायचा आणि अंजुमच्या वडिलांचं दुकान त्याच्या वाटेवरच. सरांनी ग्रुपवर लिहिलं, "पेडल अंजुमताईंकडे पुन्हा रवाना. ताई, एकदा शांतपणे ऐका. घाईनं निर्णय नको."

दुपारच्या सुट्टीत ग्रुपवर मेसेज वाजला. अंजुम! "सर, पेडल मिळालं. तुमचं बरोबर होतं. मीच घाई केली होती. आता ऐकू येतंय, फार ऊब आहे, मधला पट्टा तर खूपच खुलला आहे. गिटार विकत नाही."

सरांचे डोळेच भरून आले. ग्रुपवर फुलं पडत होती. कानिफनाथनं लिहिलं, "ताई, आता खऱ्या अर्थानं ग्रुपमध्ये आलात." जीशाननं आपले शब्द मागं घेतले, सनईसकट. सरांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांना चहा सांगितला. एक पोरगी वाजवायची राहिली असती, ती वाचली. आणि आपण वाचवली! त्या दुपारी नववीच्या वर्गाला त्यांनी मान्सून असा काही शिकवला की मागच्या बाकावरची मुलंही जागी राहिली.

शाळा सुटल्यावर ते स्टँडवरून चालले होते. अजिनाथची जीप सकाळी होती तिथंच उभी. अजिनाथ बोनेटवर बसून शेंगा खात होता.

"काय रे, एवढ्यात फेरी मारून आलास?"

"कशाची फेरी, सर? आर्धा तालुका ऊसतोडीला गेलाय, गाडीच भरंना. सकाळधरनं हितंच हाय." त्यानं सीटखाली हात घातला आणि कापडी पिशवी काढून पुढं केली. "तुमची ही पिशवी बी तशीच हाय बगा. उंद्या जाऊ द्या, नाईतर न्या आता."

सरांनी पिशवी घेतली. आत हात घालून बघितलं. पेडल होतं. बॅटरीसुद्धा त्यांनी घातलेलीच.

ते जीपच्या मागच्या सीटवर बसले, पिशवी मांडीवर घेऊन. पहिल्यांदा खरं लिहिणारी ती एकटी होती, आणि तिनं खरं लिहिलं कारण तिला खरं ऐकू येत होतं. आता तिनं न ऐकताच लिहिलं होतं, आणि अगदी बरोबर लिहिलं होतं. हे तिला कुणी शिकवलं याबद्दल सरांना जराही शंका नव्हती. त्यांना इतकी लाज वाटली की अजिनाथनं पुढं केलेल्या शेंगाही घेववेनात.

त्यांनी फोन लावला. सांगून टाकायचं, आत्ताच्या आत्ता. पलीकडून अंजुमचा आवाज आला, मागं कुणीतरी मंडपाचे पत्रे आपटत होतं.

"सर, नमस्कार! म्या लिवलं बगा ग्रुपवर."

"वाचलं, ताई. पेडल... मिळालं ना नीट?"

"व्हय सर, सकाळीच आलं की. लई भारी वाजतंय. सर, एक इचारू का? अजून दोन-चार दिवस ठिऊ का माज्याकडं? रियाज करते म्हनलं."

सरांनी मांडीवरच्या पिशवीवर हात ठेवला. तोंड उघडलं. सगळं अगदी ओठांवर होतं.

"ठेवा, ताई," ते म्हणाले. "सावकाश ठेवा. काही घाई नाही."