नवसाबाईची चौथी चक्कर

नवसाबाईची चक्कर कॅलेंडर बघून येते, असं गावातली शेंबडी पोरंसुद्धा म्हणायची. आणि खोटं काय होतं त्यात? पहिली चक्कर आली चौऱ्याण्णव साली. तिची नणंद कुसाबाई मिलिटरीतली नोकरी पुरी करून गावी आली आणि लोकांनी तिला वाजतगाजत वेशीतून आणलं, त्या दिवशी. दुसरी, कुसाबाईला आदर्श शेतकरी म्हणून बक्षीस मिळालं तेव्हा. तिसरी तीन वर्षांमागं, शाळेच्या गॅदरिंगला. कुसाबाईच्या गळ्यात हार पडायला आणि नवसाबाई भुईवर पडायला एकच गाठ! दर वेळी कोणीतरी बुक्कीनं कांदा फोडून तिच्या नाकाला लावायचं, आणि दर वेळी कुसाबाई सत्कार टाकून तिची नाडी धरून बसायची. लासलगावच्या अंगाचं गाव ते. तिथं कांद्यानं उतरत नाही असं दुखणंच नाही.

कुसाबाई सहासष्ट साली नर्स होऊन फौजेत गेली. बापानं वर्षभर तिचं नाव टाकलं होतं. एकाहत्तरच्या लढाईत जखमी जवानांनी भरलेल्या गाड्या उतरून घ्यायला ती तीन-तीन दिवस पाठ न टेकता उभी राहिली. लग्न नाही, लेकरू नाही. परतली ती मेजर होऊन. बरं, परतून पेन्शन खात ओट्यावर बसली असती, तर नवसाबाईचं काही म्हणणं नव्हतं. आळशी म्हणायला तरी जागा राहिली असती! पण ही बया पहाटे चारला उठणार. वाट्याला आलेलं तीन एकर माळरान, नुसता मुरूम. तिनं दगड वेचले, बांध घातले, धरणातल्या गाळाच्या पाट्या डोक्यावर वाहिल्या आणि तिथं कांदा पिकवून दाखवला. आज एक्क्याऐंशीव्या वर्षीही ती लावणीला बायांच्या ओळीत बसते, आणि दिवेलागणीला ओट्यावर कोणाचं गळू फोड, कोणाची जखम धू, हे चालूच. अख्ख्या गावाची मेजरआत्या.

आणि नवसाबाईनं काय माशा मारल्या होत्या? चार बाळंतपणं, वीस-वीस माणसांच्या भाकरी, सासूचं सात वर्षांचं अंथरूण. तिला कोणी नारळ दिला? "वन्संनी परक्या पोरांचं गू-मूत काढलं ती देशसेवा, अन् म्या त्यांच्याच आईचं काढलं ते काय?" असं ती चुलीपुढं पुटपुटायची. ऐकायला फक्त चूल असायची. नवरा भिमाजी होता तोवर तोही उठता-बसता "आक्का, आक्का" करायचा. नवसाबाईच्या पोटात नुसता जाळ व्हायचा.

यंदा सव्वीस जानेवारीला कुसाबाईच्या हातून झेंडावंदन ठरलं, मग शाल आणि नारळ. आदल्या दिवशी नात वेदिका जवळ येऊन बसली. म्हणाली, "आजी, यावेळी पडू नको हं. माझ्या कॉलेजच्या मैत्रिणी येणारेत."

झोंबलं ते. नवसाबाईनं तिथल्या तिथं देवीची आण घेतली, उद्या आभाळ कोसळलं तरी पडायचं नाही.

सकाळी ती इस्त्रीचं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसली. शेजारच्या अंबूबाईनं पदराच्या गाठीला एक कांदा बांधूनच आणला होता. गाठ दाखवून मागच्या बाया फिदीफिदी हसत होत्या. हसा मेल्यांनो, नवसाबाई मनात म्हणाली, आज तुमचा कांदा तसाच घरी जाईल.

झेंडा फडकला, राष्ट्रगीत झालं आणि सरपंच महेश माईकवर आला. "आपल्या गावची शान..." त्यानं सुरुवात केली, आणि नवसाबाईच्या छातीवर कोणीतरी जातं ठेवल्यासारखं झालं. डावा हात खांद्यापासून गळाठला. जबडा ठणकू लागला. जानेवारीची थंडी, अन् लुगडं घामानं ओलं.

हे काही नेहमीचं नाही, हे तिला कळलं. ओरडायचं मनात आलं. पण ओरडून काय होणार? हेच म्हणणार लोक, आली, नवसाबाईची चक्कर आली! वेदिका शरमेनं मान खाली घालणार. मेले तरी बेहत्तर, तिनं ठरवलं, पण बसूनच मरेन. तिनं खुर्चीची दांडी घट्ट धरली आणि व्यासपीठाकडं टक लावली. महेश शाल उलगडत होता. काय भारी शाल होती! तशातही तिला ती शाल डोळ्यांत सलली.

महेशनं शाल उचलली, तर पुढं कुसाबाईच नव्हती. ती पायऱ्या उतरून तरातरा येत होती.

"आली का हो?" अंबूबाईनं गाठ सोडली, कांदा खुर्चीच्या हातावर आपटून फोडला आणि नवसाबाईच्या नाकाशी धरला. सगळा मांडव हसला.

"मला काय बी झालेलं नाय!" नवसाबाईनं दातओठ खाल्ले. "वन्सं, जा तिकडं. शाल घ्या तुमची."

कुसाबाईनं अंबूबाईचा हात झटकला, नवसाबाईची नाडी धरली आणि दहा आकडेही मोजले नसतील. "हसणं बंद!" ती अशी कडाडली की माईकची गरज पडली नाही. "वाल्मीक, गाडी काढ. तुझ्या आईला झटका आलाय." मग कंबरेच्या पिशवीतून ॲस्पिरिनची गोळी काढून तिनं नवसाबाईच्या तोंडात घातली. "चाव. गिळू नको, चाव."

वाल्मीकनं गाडी नाशिककडं सोडली. मागच्या सीटवर नवसाबाईचं डोकं कुसाबाईच्या खांद्यावर. एवढ्या यातनांत नवसाबाईला एकच सुचत होतं: आता हिचं आणखी एक नाव होणार, भावजयीला वाचवलं म्हणून! शहर आलं तसे तिचे डोळे मिटू लागले. द्वारका चौकात गाड्यांचा हा खच, वाल्मीक हॉर्नवर हात ठेवून रडकुंडीला आलेला.

"नवसा," कुसाबाई म्हणाली, "भिमाजी मला काय म्हणायचा ठाऊक आहे? आक्का, तुझ्या पिठल्याची चव आमच्या हिच्या हाताला नाही."

डोळे उघडले. "खोटं! साफ खोटं!"

"आणि वेदिका पहिल्या पगाराची साडी मला घेणार आहे."

"कोण म्हणतं? मी न्हाऊ-माखू घातलं तिला!"

"हां. असंच भांड माझ्याशी. झोपायचं नाही."

नवसाबाईनं धाप टाकत तिच्याकडं पाहिलं. मग जे तीस वर्षं पोटात होतं ते बाहेर आलं. "वन्सं, मागल्या तिन्ही वेळेला सोंग होतं माझं."

"ठाऊक आहे. नाडी धरली होती ना मी."

"मग गावाला का नाय सांगितलं? उठून का आलात दर वेळी?"

कुसाबाईनं पदरानं तिच्या कपाळावरचा घाम टिपला. "तू पडल्याशिवाय तुझ्याकडं कोणी बघतच नव्हतं, नवसा. मीसुद्धा नाही."

नवसाबाईच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्या पाण्यातही जाळ होताच. "बघा! चांगुलपणातबी तुम्हीच पुढं! मला कशात म्हणून जिंकू देणार हायत का?"

"आज जग. मी तुझ्या आधी जाणार. मग माझ्याबद्दल सांगायला गावात तूच उरशील. वाटेल ते सांग."

हे मात्र नवसाबाईला पटलं. तिनं दात आवळून श्वास घेतला, मग दुसरा घेतला.

दवाखान्याच्या दारात स्ट्रेचर आलं, मागं एक तरणा डॉक्टर. घाबरलेला वाल्मीक बडबडत सुटला, "ही माझी आई, अन् ह्या माझ्या आत्या, मेजर होत्या, एकाहत्तरच्या लढाईत..."

डॉक्टर थबकला. "एकाहत्तर? मॅडम, माझे आजोबाही..." म्हणत तो कुसाबाईपुढं ताठ उभा राहिला.

स्ट्रेचरवरून नवसाबाईनं मान उचलायचा प्रयत्न केला. आवाज फुटला नाही, ओठ तेवढे हलले.

कुसाबाईनं डॉक्टरच्या खांद्याला धरून त्याला गर्रकन वळवलं. "माझ्याकडं काय बघतोस? तिच्याकडं बघ," ती म्हणाली. "आमच्या घरात सगळ्यात जास्त राबलीये ती."