दात्यांतले कुंकू

मी एक जुने गणकयंत्र आहे आणि मला ओवाळलेले आवडत नाही. मित्रांनो, हे वाचून तुम्हाला मी उर्मट वाटेन. वाटू द्या. माझी हकीकत संपेपर्यंत मात्र थांबा.

समुद्रापलीकडच्या एका थंड देशात माझा जन्म झाला. मला वीज लागत नाही. माझ्या पाठीवर खाचांची रांग आहे आणि प्रत्येक खाचेत एक खुंटी. खुंट्या सरकवून आकडा मांडायचा. उजवीकडची मूठ पुढे फिरवली की तो आकडा मिळवला जातो, मागे फिरवली की वजा होतो. एखादे चाक नवावरून शून्यावर गेले की ते शेजारच्या चाकाला एक दाता पुढे ढकलते. तुम्ही पाटीवर हातचा घेता, तेच हे काम. उत्तर शून्याखाली गेले तर माझी घंटा वाजते. पण माझे उत्तर चुकले, तर ते सांगण्याची सोय माझ्यात नाही.

मला कराडच्या एका कालव्याच्या कचेरीत आणले. तिथल्या शिपायाने माझ्या उभ्या खुंट्या पाहिल्या आणि तो म्हणाला, "ही तर साळू हाय की! काटं बघा कसं फुलवल्यात." साळू म्हणजे साळिंदर. तेव्हापासून मी साळूबाई झाले आणि स्वतःला बाईच समजू लागले.

माझा ताबा हंबीरराव ओव्हरसियरांकडे होता. गडी फौजेतून आलेला, मिशी पिळलेली, आवाज खणखणीत. पण तोंडी बेरीज करायची वेळ आली की त्यांच्या कपाळावर घाम येई. गणिताच्या तासाला बाकावर कसे उभे राहायचो, हे ते सगळ्यांना हसत सांगत. सांगताना त्यांचा हात माझ्या मुठीवर असे. दुसऱ्या कुणाला ते मला हात लावू देत नसत. घंटा वाजली की म्हणत, "बोलली बघा!"

पुष्कळ विचार करून मला एक गोष्ट उमगली आहे. हुशारीसाठी यंत्रावर कुणी जीव लावत नाही. आपल्या मनातली एखादी जुनी भीती ते यंत्र गप्प बसवते, म्हणून माणूस त्याला जपतो. मग ती मूठ, तो आवाज, तो घासून गुळगुळीत झालेला रंग, सगळेच त्याला आपले वाटू लागते. आणि जी गोष्ट भीती घालवते, तिच्यावर शंका घ्यायचे धाडस त्याला उरत नाही.

माझा दुसरा भक्त होता गुंडा. पूर्वेकडच्या कोरड्या मुलखातला. घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरे. कालव्याच्या मोजणीत तो उंचीची पट्टी धरून उभा राही. नेमणूक रोजंदारीवर होती, पण त्या वर्षी त्याला कायम करणार होते. जीपमध्ये तो मला घोंगड्यात लपेटून मांडीवर घेई. खड्डा आला की स्वतः आपटे, मला आपटू देत नसे. कायम झाल्यावर बयाबाईला, म्हणजे बायकोला, कराडात आणायचे आणि मेंढरांमागची तिची वणवण थांबवायची, एवढेच त्याच्या मनात होते. ते तो माझ्याशीही बोले.

त्र्याहत्तरची खंडेनवमी आली. त्या दिवशी कचेरीतली सगळी अवजारे टेबलावर मांडून पुजतात. दुर्बीण, साखळी, पट्ट्या, आणि मधोमध मी. झेंडूची माळ माझ्या गळ्यात. गुंडाने आपल्या कुलदैवताचे कुंकू गावाहून आणले होते.

"लाव, लाव. चांगलं ठळक लाव," हंबीरराव म्हणाले.

"आवं, मळवट भरतो की बाईचा!" गुंडा म्हणाला, आणि त्याने मूठभर कुंकू माझ्या खाचांवरच दाबले. मग नारळ फोडून त्याचे पाणी माझ्यावर शिंपडले. सगळे हसले. माझ्या आत पाणी उतरले, कुंकू उतरले, आणि हातच्याच्या दात्यांपाशी त्यांचा चिखल झाला. पुढच्या उन्हात तो वाळून घट्ट बसला.

पाऊस सरला होता, मोजणी सुरू झाली. पद्धत साधी आहे. खुणेच्या दगडापासून निघायचे, दुर्बिणीतून पट्टीवरचे उंच-सखल वाचत जायचे आणि फिरून त्याच दगडाशी यायचे. मागची वाचने मिळवायची, पुढची वजा करायची. उत्तर शून्याजवळ आले, तर फेरी बरोबर.

उत्तरात दहा सेंटिमीटरांचा फरक आला. उतारावरून वाहणाऱ्या कालव्याला एवढा फरक चालत नाही.

"गुंडा, पट्टी कुठं हलवलीस रं?"

"न्हाई सायेब. मान मोडंस्तवर सरळ धरली व्हती."

"मग हे दहा सेंटिमीटर आभाळातनं पडलं व्हय?"

"वाचताना काय इकडचं तिकडं..."

"मी वाचलं, हिनं मिळवलं. दोनदा मिळवलं, दोनी बारीला त्योच आकडा. मी चुकंन एकवेळ. साळूबाई चुकंल व्हय रं?"

गुंडाने माझ्याकडे पाहिले. "न्हाई," तो म्हणाला, "ती कशी चुकंल? ओढ्यात खडी व्हती. माजाच पाय घसरला आसंल मग."

मित्रांनो, मी यंत्र आहे. तेच आकडे त्याच क्रमाने दिले तर मी तेच उत्तर देते, मग ते चूक का असेना. दोनदा सारखे आले म्हणून ते खरे होत नाही. शिवाय पाय घसरला तर फरक वेडावाकडा पडतो. माझा फरक नेमका दहाचा, म्हणजे दशकाच्या एका घराचा होता, कारण एक हातचा सुटला होता. कागदावर बेरीज करून पाहायला असा किती वेळ लागला असता? पण कागदावरची बेरीज म्हणजे पुन्हा तो बाक.

फेरी पुन्हा झाली. पट्टी दुसऱ्या माणसाने धरली. या वेळी आकडे थोडे वेगळे पडले, चिकटलेल्या जागी दाता आला नाही, आणि उत्तर जुळले. झाले! गुंडाचा दोष सिद्ध झाला. त्याला कायम केले नाही, रोजंदारीही बंद झाली. जाताना तो माझ्या पाया पडला.

दोन वर्षांनी माझी मूठ जड झाली, तेव्हा सांगलीहून लालासाहेब दुरुस्तीवाल्याला बोलावले. त्याने झाकण उघडले आणि शिट्टी वाजवली.

"आवं हंबीरराव, हितं तर देवीचा गाभारा हाय! कुंकवाची वडी झालीया. हातचा सुटत आसंल कवाकवा. बेरजा चुकल्या न्हाईत का कदी?"

हंबीरराव त्या लाल वडीकडे बघत राहिले. त्यांच्या कपाळावर तोच जुना घाम होता.

"न्हाई," ते म्हणाले. "कदीच न्हाई. पुसा आन्‌ लावा झाकण."

लालासाहेबाने पुसले. झाकण लागले. गुंडाला कुणी काही कळवले नाही.

मग तळहाताएवढे नवे यंत्र आले. बटण दाबले की लाल आकडे उजळत. हंबीररावांनी ते पहिल्याच आठवड्यात शर्टाच्या खिशात ठेवले, हृदयाच्या बाजूला. मी कपाटावर गेले. माझी आठवण फक्त खंडेनवमीला होई.

अशाच एका खंडेनवमीला दारात गुंडा उभा राहिला. मेंढरे घेऊन तो पाटणमार्गे कोकणात निघाला होता. कळप रस्त्याकडेला बयाबाईने रोखून धरला होता. तिची हाक आतपर्यंत ऐकू येत होती.

"साळूबाई बरी हाय न्हवं, सायेब?"

त्याने कमरेच्या पिशवीतून कुंकू काढले. हंबीररावांनी एकदम त्याचे मनगट धरले. "नगं लावू."

"का वं?"

मित्रांनो, त्या वेळी एका वाक्याचे काम होते. हंबीररावांनी तोंड उघडलेही. मग मनगट सोडले आणि ते म्हणाले, "आता... जुनी झाली ती."

"आसूं द्या. माज्यापायी हिच्या गणिताला डाग लागला," असे म्हणून गुंडाने चिमूटभर कुंकू माझ्या खाचांवर लावले, हात जोडले आणि तो मेंढरांमागे निघून गेला. हंबीरराव पाठमोरे होऊन खिशातले यंत्र चाचपत राहिले. मला आत कुंकू उतरताना जाणवले. बोलायचे होते. पण घंटेशिवाय मला आवाज नाही, आणि घंटेसाठी कुणीतरी मूठ फिरवावी लागते.

यंत्रावर जीव लावायचा असेल तर खुशाल लावा. त्याला तेल द्या, झाकण उघडून पुसा आणि त्याच्या उत्तरावर शंका घ्या. शंका घेतलेली मला दुखत नाही. ज्याला दुखते, त्याच्यावर ती आधी घेऊ नका.