पंडिताचं ट्रान्झॅक्शन

आमच्या टीमच्या प्रमुखाला सगळे पंडित म्हणत; तोंडावर आदरानं, पाठीमागे वेगळ्या अर्थानं. हॉस्पिटलच्या खाटांचं सॉफ्टवेअर त्यानंच लिहिलं होतं. पेशंट हलवताना जुनी खाट रिकामी करायची आणि नवी त्याच्या नावावर लावायची. दोन्ही व्हावं, नाहीतर काहीच होऊ नये. त्यासाठी पंडितानं मेथडवर, म्हणजे हे काम करणाऱ्या कोडच्या तुकड्यावर, ट्रान्झॅक्शनची खूण लावली आणि हात झटकले.

"मुद्दाम चूक घडवून तपासलंस का?" मी विचारलं.

"वर खूण आहे ना? बाकीचं खालचं तयार फ्रेमवर्क बघतं. तू डोकं नको शिणवूस."

स्वतःचं त्यानं कधीच शिणवलं नव्हतं.

मग पाय मोडलेले एक आजोबा एक्स-रे काढून परतले, तर त्यांच्या खाटेवर भलताच माणूस घोरत होता. सिस्टरनं आजोबांना दुसऱ्या वॉर्डात हलवायची नोंद केली होती. तिथली खाट दुरुस्तीला गेलेली, म्हणून नोंद अडली. पण जुनी खाट तोवर रिकामी होऊन दुसऱ्याला मिळालीही होती.

सिस्टरचा फोन आला. "तुमच्या कॉम्प्युटरच्या मते आजोबा हॉस्पिटलात आहेत, पण कुठल्याच खाटेवर नाहीत. खुंटीला टांगू का त्यांना?"

"नेटवर्क गंडलं असेल," पंडित म्हणाला. मग म्हणाला, "सिस्टरनं बटण दोनदा दाबलं असेल." नाचता येईना, अंगण वाकडं!

मी कोड उघडला. बाहेरून आलेली हाक आधी प्रॉक्सीकडे, म्हणजे फ्रेमवर्कनं दारात बसवलेल्या मध्यस्थाकडे, जाते. तोच ट्रान्झॅक्शन उघडतो आणि काही बिघडलं तर सगळं मागे फिरवतो. पंडिताच्या खूण लावलेल्या मेथडला मात्र त्याच क्लासमधली, म्हणजे दाराच्या आतलीच, दुसरी मेथड परस्पर बोलावत होती. प्रॉक्सीला पत्ताच नाही. खूण नुसती शोभेची.

"हा फ्रेमवर्कचा दोष आहे," पंडित म्हणाला.

"ते बनवणाऱ्यांनी माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय. वाचायला लागतं."

मी ती मेथड वेगळ्या क्लासमध्ये नेली, म्हणजे हाक प्रॉक्सीतूनच जाईल. दुरुस्तीतली खाट देऊन पाहिलं. नोंद अडली, आणि जुनी खाट पेशंटच्याच नावावर राहिली. तिकडे आजोबांना दुपारनंतर संडासाशेजारची खाट मिळाली. त्यांच्या मुलीनं बोल लावले ते बिचाऱ्या सिस्टरला.

पुढच्या आठवड्यात पंडितानं सगळ्या ऑफिसला व्याख्यान दिलं: 'प्रॉक्सीचे धोके, माझ्या अनुभवातून'. टाळ्या पडल्या. साहेबांनी पाठ थोपटली.

"कसं झालं?" त्यानं मला विचारलं.

"झकास. बाकीच्या क्लासमधल्या खुणा कोण तपासणार?"

"ते तू बघ ना," तो म्हणाला आणि साहेबांच्या मागोमाग गेला.